शेजारच्या सीटवरचा ब्रेक

४ फेब्रुवारी, मंगळवार

राग: आला. अंगात कुठे: सगळीकडे. किती वेळ: अजून आहे.

असं रोज लिहायचं म्हणे. योगाच्या वर्गात आज पहिल्याच दिवशी मास्तरांनी फर्मावलं, की राग कधी आला, अंगात कुठे जाणवला, किती वेळ टिकला याची घरी नोंद ठेवा आणि कुणाला दाखवू नका. दाखवतोय कुणाला! बॅटरीच्या दुकानदाराने दिलेली डायरी कोरी पडली होती, ती काढली.

या वयात मला नाक धरून बसायला पाठवलं ते आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने. मालक म्हणजे माझ्याच हाताखाली गाडी शिकलेला पोरगा. क्लच सोडताना त्याचे पाय लटपटायचे, ते मी बघितलेत. काल तोच काचेच्या केबिनमध्ये बसून मला म्हणतो, "काका, तुमची पुन्हा तक्रार आली. हा महिना रोज सकाळी योगाला जा. महिनाअखेर मी स्वतः शिकाऊ म्हणून तुमच्या शेजारी बसेन. डोकं शांत दिसलं तर ठीक. नाहीतर गाडी बंद, काउंटरवर बसून फोन घ्यायचे."

फोन घ्यायचे! मी! आयुष्य गेलं माझं शिकाऊच्या शेजारच्या सीटवर. पायाशी दुसरा ब्रेक, आणि तो ब्रेक मी असा दाबतो की शिकाऊला वाटावं गाडी त्यानेच थांबवली. हे कसब कुणाला येतं इथे? नव्या आलेल्या मॅडमला? ती शिकाऊला "छान, छान" म्हणते आणि खिडकीबाहेर बघते.

तक्रार बँकेतल्या एका बाईची आहे. शनिवारी तिला घेऊन शाळेच्या रस्त्याने चाललो होतो. माझ्या बाजूने एक सायकलवाला कुठून उगवला देव जाणे. हल्ली लोक सायकली चालवत नाहीत, हवेतून प्रकट होतात. आणि त्या बाईने काय करावं? माझ्या आधी ब्रेक मारला! धोका मी बघायचा, गाडी मी थांबवायची, हा नियम तिला पहिल्या दिवशी सांगितला होता. मग मी बोललो. थोडं जास्त बोललो असेन. तर ही बया गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन रडायला लागली.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, बायको म्हणून माझी बाजू घेईल. तर म्हणते, "तो सायकलवाला वाचला ना पण?"

मुद्दा तो नाहीये.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग एका व्यायामशाळेच्या माडीवर भरतो. खालून वजनं आपटण्याचे आवाज येतात आणि वर आम्ही मनःशांती शोधतो. मास्तर बुटके, टक्कल पडलेले आणि कायम सर्दी झालेले. ज्यांची स्वतःची एक नाकपुडी बंद, ते आम्हाला दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घ्यायला शिकवतात. मी त्यांचं नाव नाकपुडी मास्तर ठेवलंय.

शेवटी शवासन असतं. उताणं पडून एकेक अवयव सैल सोडायचा. ही गंमत बरी आहे, फी देऊन झोपायचं. मी पडलो. मास्तर सगळ्यांमधून फिरत होते. माझ्यापाशी थांबले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुमचा उजवा पाय झोपत नाहीये."

मान उचलून बघितलं. खरंच, पंजा ताठ होऊन पुढे दाबला जात होता. मी सांगितलं, "तो ड्यूटीवर आहे."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "इथे कुणी गाडी चालवत नाहीये. कशासाठी दाबताय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. नोंद करायचीच तर ही घ्या, तळपायापासून मस्तकापर्यंत, मधलं एकही स्टेशन न घेता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राग: आला. कुठे: पायात. किती वेळ: दिवसभर. कारण: पाय खरंच झोपत नाही. काल बिछान्यातही दाबत होतो, हिने सांगितलं. तिला म्हणे हे लग्नापासून माहीत आहे. मग मला आत्ता का सांगते?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज नाकपुडी मास्तरांनी मनाचे भाग पाडले. मन, बुद्धी, अहंकार, चित्त. मन म्हणजे जे दिसेल ते आणून पुढ्यात टाकणारं, त्याला निवड कळत नाही. बुद्धी ठरवते. अहंकार सगळ्यावर 'माझं, मी' असा शिक्का मारत सुटतो. आणि चित्तात सगळं साठत जातं. योग म्हणजे या चौघांना आपापल्या जागी बसवणं. ज्याचं काम त्याने करायचं, दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसायचं नाही.

हे मात्र मला पटलं, कारण हे मी रोज करतो. मन म्हणजे शिकाऊ, दिसेल तिकडे स्टेअरिंग फिरवणार. बुद्धी शेजारच्या सीटवर, म्हणजे मी. अहंकार म्हणजे हॉर्न. आणि चित्त ही मागची डिकी, वर्षानुवर्षं कोंबलेलं सगळं तिथेच. मास्तरांना हे सांगितलं तर त्यांनी नाक पुसत विचारलं, "आणि तुमच्या गाडीत हॉर्न कोण वाजवतं, शिकाऊ की शेजारचा?" लोक पुन्हा हसले. माझ्या जिवावर त्या वर्गाची चांगली करमणूक चाललीय.

घरी वेगळीच तऱ्हा. हल्ली ही पाण्याचा ग्लास कुठेही ठेवते. आज माझ्या डाव्या हाताशी ठेवला, कोपर लागलं, सगळं पाणी ताटात. मी ओरडलो. ती उठली, ताट बदललं आणि ग्लास माझ्यासमोर, अगदी नाकासमोर ठेवला. लहान मुलाला ठेवतात तसा.

शिवाय सपाट तळव्याचे नवे बूट घेतलेत. "कशाला?" विचारलं तर म्हणे, "सकाळी फिरायला जाते. तुम्ही योगाला जाता तेव्हा." निळा स्वेटर चढवून माझ्या पाठोपाठच बाहेर पडते. एकाला मनःशांती, दुसऱ्याला फिरणं. घराला कुलूप आणि चहा गार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळच्या शिकाऊंची तुकडी माझ्याकडून काढून मॅडमला दिली. न विचारता! मालक म्हणतो, "काका, संध्याकाळी तुम्ही दमता."

मी दमत नाही. संध्याकाळी या रस्त्यांवर दिसतं कुणाला? खांबावरचे दिवे बदललेत, उजेड कमी आणि झगमगाट जास्त. समोरच्या गाड्यांचे दिवे थेट डोळ्यांत. झेब्रा पट्टे पुसट झालेत, रंगवायला कुणी येत नाही. मागच्या महिन्यात लग्नाहून परतताना आमच्या जुन्या गाडीचं दार दुभाजकाला घासलं, तेही त्याला रंग नव्हता म्हणूनच. याच्या तक्रारी कुणी करत नाही. माझ्या करतात.

मालकाचे कान कुणीतरी भरलेत. मॅडमच असणार. तो गोड आवाज मला पहिल्यापासून खटकतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वर्ग अर्ध्यात सोडून आलो. परत जाणार नाही.

मास्तरांनी श्वास मोजायला लावला. मी मोजत होतो. ते शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, शेजारच्या सीटवर बुद्धी बसते. मला तसं दिसत नाही. तुमच्या शेजारच्या सीटवर भीती बसलीय. बुद्धीला जागाच उरलेली नाही."

मी म्हणालो, "भीती? मला? मी ज्यांच्या शेजारी बसतो ना, त्यांच्या शेजारी तुम्ही एक दिवस बसून दाखवा. दोन्ही नाकपुड्या आपोआप मोकळ्या होतील." आणि चटई गुंडाळून निघालो. जिन्यावर खांदा कठड्याला लागला. जिनासुद्धा अरुंद.

घराकडे चालत येत होतो. कोपऱ्यावर आमच्या स्कूलची गाडी दिसली, 'एल'ची पाटी लावलेली, शेजारी मॅडम. चालवणारी कुणी वयस्क बाई होती. चेहरा काही नीट दिसला नाही, पण चालवत होती बरी. बरी काय, चांगली चालवत होती. वळणाआधी वेळेवर इंडिकेटर, गिअर बदलताना धक्का नाही. आरशात बघताना मान जरा तिरपी करायची लकब होती, ती कुठेतरी बघितल्यासारखी वाटली. अंगात निळं काहीतरी होतं. अशी शिकाऊ मला कधी मिळत नाही, माझ्या वाट्याला सगळ्या रडणाऱ्या.

घराला कुलूप होतं. पायरीवर बसून राहिलो. ही आली ती घामाघूम, गाल लाल झालेले. मला बघून दचकली. म्हटलं, "फिरून आलीस की पळून?"

"आज जरा लांब गेले होते," म्हणाली आणि हसली. काय हसण्यासारखं होतं त्यात?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परत गेलो. मालकाने फोन करून विचारलं होतं, काका वर्ग चुकवला का म्हणून. म्हणजे माझ्यावर पहारा आहे.

पण आज जिंकलो. आज त्राटक होतं. खिडक्या बंद करून समोर मेणबत्ती ठेवली. ज्योतीकडे एकटक बघायचं, डोळे हलवायचे नाहीत, मान हलवायची नाही. थोड्या वेळाने मास्तर एकेकाला विचारत गेले, ज्योतीकडेच बघत राहा आणि सांगा, आणखी काय दिसतंय? एक म्हणाला, दाराची फट दिसते. एक बाई म्हणाली, दोन्हीकडची माणसं दिसतात, लक्ष जातं. सगळ्यांची मनं सैरावैरा!

मला विचारलं. मी म्हणालो, "ज्योत. फक्त ज्योत. बाकी सगळीकडे अंधार."

वर्ग गप्प झाला. इतक्या थोड्या दिवसांत इतकी एकाग्रता कुणाला साधली असेल? मास्तरसुद्धा थक्क झाले. जवळ येऊन विचारलं, "मी आता कुठे उभा आहे, दिसतो का?" मी म्हणालो, "नाही. तुम्ही माझ्या लेखी नाहीच." अगदी मनापासून बोललो.

तर वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेऊन काय म्हणावं यांनी? "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. हे एकाग्रतेचं लक्षण नाही." जळतात! स्वतःला इतक्या वर्षांत जमलं नसेल, आणि एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने करून दाखवलं, हे पचत नाही त्यांना. कसला समतोल आणि कसलं काय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा राग या डायरीत मावणार नाही. तरी लिहितो.

जेवताना ही म्हणाली, "उद्या माझी पक्क्या लायसन्सची टेस्ट आहे."

मला आधी कळलंच नाही. "कसली टेस्ट?"

"गाडीची."

"कुणाकडे शिकलीस?"

"मॅडमकडे. सकाळी."

निळा स्वेटर! मी त्या कोपऱ्यावर उभा राहून स्वतःच्या बायकोला ओळखलं नाही! उठलो, खुर्ची मागे पडली. म्हणालो, "गावभर लोकांना गाडी शिकवतो मी, आणि माझी बायको दुसरीकडे शिकायला जाते? नाक कापलंस माझं! सगळं ऑफिस हसलं असेल!"

"कुणी हसलं नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे शिकायला बसलेच होते की मी. लग्नानंतरच्या वर्षी. पुलावर तुम्ही इतकं ओरडलात की मी गाडी तिथेच सोडून चालत घरी आले."

"क्लचवर पाय ठेवून चालवत होतीस!"

"असेन. आता नाही ठेवत."

मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं ते. या वयात तुला गाडी चालवायची गरजच काय? कुठे जायचंय? मला सोडून जायचंय का?

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "अहो, तुम्हाला कडेचं दिसत नाही. ग्लास दिसत नाही. दुभाजक दिसला नाही. मी डाव्या बाजूने आले की दचकता. तो सायकलवाला तुम्ही बघितलाच नव्हता, त्या बाईने ब्रेक मारला म्हणून तो आहे. संध्याकाळची तुकडी काढून घ्या, हे मालकाला मी सांगितलं. मॅडमने नाही."

तू! माझ्याच घरातून! माझ्या पाठीमागे! ताट तसंच ठेवून उठलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

राग: आला. कुठे: सगळीकडे. किती वेळ: मरेपर्यंत राहील.

ती पास झाली. पहिल्या फटक्यात. पेढे नकोत, पाणी नको, मला काही नको. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढ्याशा गोष्टीवरून माझी बदनामी. वर्गाला गेलो नाही. फोन उचलले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं की या सगळ्यांचं तोंड एकदाच बंद करायचं. ही बाहेरच्या खोलीत होती. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, पडदा ओढला, टेबलावर मेणबत्ती लावून बसलो. ज्योतीकडे बघायचं आणि कडेला काय दिसतं ते बघायचं. दिसणारच. डाव्या हाताला भांड्यांचं फडताळ, उजव्या हाताला खिडकी. मला माहीत आहे ते तिथे आहे.

ज्योत दिसत होती. फडताळ दिसत नव्हतं. म्हटलं, अंधार आहे, सवय व्हायला वेळ लागतो. बराच वेळ बसलो. फडताळ आलं नाही, खिडकी आली नाही. ज्योतीभोवती राखाडी धुकं, आणि त्यापुढे काळोख नाही, उजेड नाही, काहीच नाही. बोगद्यातून बघतोय असं वाटलं. मी मोठ्याने म्हणालो, "कुणी नाहीये इथे. काही नाहीये."

"मी आहे ना," हिचा आवाज आला. डाव्या कानाशी.

मान वळवली. ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर घेऊन.

"कधी आलीस?"

"मघाशीच. तुमच्यासमोरूनच आले."

तिला ओरडायला तोंड उघडलं आणि रडू आलं. रागाचंच होतं. ज्या माणसाने सगळ्यांसाठी रस्ता बघायचा त्याला शेजारी बसलेली बायको दिसू नये? सायकलवाला हवेतून आला नव्हता. तो तिथेच होता. आणखी किती जण तिथेच होते आणि मला शिकाऊंनी वाचवलं? रागावू तरी कुणावर? मेणबत्ती विझवली नाही, हाताने झटकली. मेण टेबलभर झालं. ते तिने खरवडून काढलं, मी काढू दिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बसने गेलो. हिच्या गाडीत बसणार नाही म्हणालो, ती शेजारी बसमध्ये बसली.

एका यंत्रात तोंड घालून बसवतात. समोर बघत राहायचं, आणि कडेला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत राहिलो. जोरात. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, दिवा नसतानाही दाबताय. दिसलं तरच दाबा."

मग दाबायला फारसं काही उरलं नाही.

डोळ्यांच्या आतला दाब वाढलाय. कडांची नजर गेलीय, बरीच आधीपासून, हळूहळू, म्हणून कळलं नाही. गेलेली परत येणार नाही. उरलेली थेंब घालून टिकवायची. गाडी चालवायची नाही. मी विचारलं, "शेजारी बसायचं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. हिला कळला. तिने माझ्या वतीने उत्तर दिलं, "नाही."

बसमध्ये परत येताना हात मांडीवर ठेवून बसलो. उजवा पाय मात्र पूर्ण वेळ दाबत होता. बस कुणाच्या बापाची, ब्रेक कुणाचा, आणि दाबतोय मी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मालकाची परीक्षा होती. तो शिकाऊ म्हणून तयार होऊन आला होता, मुद्दाम जुने बूट घालून. मी गाडीची चावी त्याच्या टेबलावर आपटली. काच फुटली नाही, याचं वाईट वाटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते त्याला सांगितलं. पोरगा उभा राहिला. म्हणाला, "काका, काउंटर राहू द्या. टेस्टआधी सगळ्यांना नियम शिकवायचा वर्ग घ्या. खोलीत. फळ्यावर."

म्हणालो, "फळ्यावर कुणी मरत नाही. मला त्यात काय काम?" तो म्हणाला, सोमवारपासून या. विचार करतो म्हटलं. त्याचे पाय आजही लटपटत होते, एवढं मला समोरून दिसलं. दाराशी मॅडम उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, "माझ्या बायकोला गिअर चांगला शिकवलात." याहून जास्त मला जमणार नव्हतं.

ही बाहेर आमच्या जुन्या गाडीत थांबली होती. ड्रायव्हरच्या सीटवर. येताना तिनेच आणलं होतं, माझा इलाज नव्हता. जाताना पुन्हा शेजारी बसलो. माझीच जागा. फक्त पायाशी काही नाही, नुसती रबरी चटई.

निघालो. मला कडेचं काहीही दिसत नव्हतं आणि सगळं चुकीचं वाटत होतं. मी सुरू केलं. पुढच्या गाडीच्या फार जवळ जाऊ नकोस. आता बघ. आरसा बघ. सिग्नल आहे. अगं, सिग्नल आहे! हॉर्न दे. नको, देऊ नकोस. तिसरा टाक. इतक्यात का टाकलास? पाय चटईवर असा रोवलेला की गुडघा दुखायला लागला. आवाज चढत गेला. माझा मलाच ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता.

पूल आला. तिने इंडिकेटर दिला, गाडी शांतपणे कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सगळं क्रमाने. माझ्याकडे वळून म्हणाली, "उतरायचंय का तुम्हाला? घर इथून लांब नाही. मी चालत गेलेय."

मागून गाड्या जात होत्या, माझ्या नजरेच्या बाहेरून, नुसता आवाज. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच विचारत होती. दार उघडून दिलं असतं तिने.

मी समोर बघितलं. नाकासमोरचा तेवढा रस्ता मला अजून दिसतो. म्हणालो, "चल."

ती निघाली. पुलापुढच्या चौकात तिने ब्रेक दाबला. का दाबला ते मला कळलं नाही. मग माझ्या बाजूने एक सायकलवाली मुलगी आली आणि आमच्यासमोरून निघून गेली. मी बघितलीच नव्हती. हिने बघितली होती. पुन्हा पहिला टाकला, क्लचचा धक्का बसला नाही.

राग: आला. कुठे: उजव्या पायात. किती वेळ: त्या चौकापर्यंत. पुढे घर येईपर्यंत पाय कुठे होता, ते आठवत नाही.